‘येऊन राहिलो’चा पुण्यात लागलेला अर्थ

आमच्या पहिल्या अल्बमचं जे कौतुक झालं, ते एका क्रियापदाच्या गैरसमजावर झालं. चूक आमची नव्हती. आम्ही आमच्या बोलीत बरोबरच गायलो होतो. पण पुण्याला ‘ध’चा ‘मा’ करायची सवय जुनी, त्याला आम्ही काय करणार?

अल्बमचं आणि त्यातल्या मुख्य गाण्याचं नाव ‘येऊन राहिलो’. वऱ्हाडात याचा अर्थ शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. येऊन राहिलो म्हणजे येतोय. वाटेत आहे, पोचतोच आहे, जरा दम धर. जेवून राहिलो म्हणजे जेवतोय. आणि ‘मरून राहिलो बाप्पा’ असं कोणी म्हणालं तर रडायचं काम नाही, माणूस धडधाकट आहे, फक्त कुरकुर करतोय. पण पुण्यात येऊन राहिलो म्हणजे आधी आलो आणि मग तिथेच राहिलो. वळकटी सोडून, खोली भाड्याने घेऊन. अक्षर तेच, मात्रा तीच. आमचा माणूस अजून पोचलेला नाही आणि त्यांचा माणूस मेस लावून बसलेला आहे.

तर पुण्यातल्या एका मोठ्या समीक्षकाने रविवारच्या पुरवणीत आमच्यावर अर्धं पान लिहिलं. त्यात म्हटलं होतं की हे गाणं म्हणजे गाव सुटलेल्या माणसाचा टाहो आहे, तो शहरात आला आणि राहिला, परतीचं दार त्याच्यासाठी बंद झालं. शिवाय बाई असून मी ‘राहिले’ न म्हणता ‘राहिलो’ म्हणते, यात लिंगभेदाच्या पलीकडे जाणारं काहीतरी आहे, असंही होतं. मी ते वाचत होते तेव्हा हातात चहा होता. तो नाकातून बाहेर आला.

कारण ते गाणं मी आमच्या ड्रमरला शिव्या घालायला लिहिलं होतं.

बँडमध्ये आम्ही तिघं. मी गाते, गिटार वाजवते आणि दिवसभर अमरावतीच्या एका शिकवणीत पोट्ट्यांना गणित शिकवते. बेस वाजवतो तो माझा मावसभाऊ. तो कधीच फार बोलत नाही, त्यामुळे इथेही त्याच्या तोंडी काही सापडणार नाही. आणि ड्रमर अकोल्याचा, जठारपेठेतला. इंजिनीअरिंगला आम्ही एका वर्गात होतो. तेव्हापासून तो येऊन राहिला आहे.

तालीम आमच्या गच्चीवरच्या खोलीत, दर रविवारी. वेळ झाली, मावसभावाने तारा जुळवल्या, मी चहा ठेवला, की फोन लावायचा.

‘कुठी हायेस बे?’

‘येऊन राहिलो ना! मूर्तिजापूर सोडलं.’

मूर्तिजापूर म्हणजे अकोल्याहून निम्मी वाट. आणि मागून त्याच्या आईचा आवाज: ‘अरे, आणखीन एक पोळी वाढू काय?’

‘मूर्तिजापुरात तुही माय काहून पोळ्या वाढून राहिली?’

 मग उत्तर यायचं, ‘हाटेलवाल्या काकू हायेत.’

असा हा माणूस. खोटं बोलायलाही त्याला कष्ट नकोत. जेवून, एक डुलकी काढून, मग तो खरंच निघायचा, आणि आला की असा काही वाजवायचा की माझ्या तोंडातल्या शिव्या तोंडातच विरायच्या. हेच तर दुखणं होतं. वाईट वाजवत असता तर केव्हाच हाकलला असता लेकाला. एका रविवारी त्याची वाट पाहता पाहता संतापाने मी त्याची नक्कल करायला लागले, आणि नकलेला चाल लागली:

दार उघडं ठेव गड्या, येऊन राहिलो,
चहा थंडा झाला तरी येऊन राहिलो,
माय म्हणे बस जरा, मी बसून राहिलो,
थांब गड्या, थांब गड्या, येऊन राहिलो.

तो आल्यावर त्यालाच ऐकवलं. वाटलं होतं, चिडेल. हा बाबा खूश! म्हणाला, ‘माह्यावर गाणं? बाप्पा!’ आणि त्याला जो ठेका दिला, तोच अल्बमवर आहे. ‘राहिलो’ पुल्लिंगी काहून, तर पुरुषाची नक्कल आहे म्हणून. लिंगभेदाच्या पलीकडे आम्ही कुठेच गेलो नव्हतो. मूर्तिजापूरच्याही पलीकडे गेलो नव्हतो.

अल्बम रेकॉर्ड केला तो ड्रमरच्या काकांच्या गाद्यांच्या दुकानामागे. स्टुडिओ परवडत नव्हता. पण काकांचं गोदाम म्हणजे चारही भिंतींना छतापर्यंत कापसाच्या गाद्या. आत शिंक दिली तरी ती गादीतच जिरायची, घुमायचं नाव नाही. यापेक्षा चांगली खोली कुठे मिळणार? फक्त महिना मे होता आणि गाव अकोला होतं. पंख्याचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून पंखा बंद. दार बंद. गाद्यांची ऊब वरून. एक गाणं झालं की आम्ही तिघं बाहेर पळायचो आणि डोक्यावर माठ रिकामा करायचो. मावसभावाला एकदा भोवळ आली, पण त्याने बेस खाली पडू दिला नाही.

हे सगळं अल्बममध्ये ऐकू येतं, आणि लोकांना ते फारच आवडलं. कुणी लिहिलं, या आवाजात शहरी घुसमट आहे. होती ना घुसमट! एका गाण्यात मागे धप्, धप् असा आवाज आहे. त्याला कुणी आदिम तालवाद्य म्हटलं. तो काकांचा माणूस अंगणात काठीने जुनी गादी झोडपत होता. त्याला दोनदा थांबायला सांगितलं, तो म्हणाला, गिऱ्हाईक बसून राहिलं, तुमीच थांबा.

पण माझं खरं दुखणं ड्रमर नव्हता आणि पुणंही नव्हतं. माझं दुखणं घरात होतं. माझे बाबा.

बाबा मराठीचे शिक्षक. आता निवृत्त. जन्म तिवश्याजवळच्या खेड्यातला, घराण्यातली पहिली सरकारी नोकरी त्यांची. अमरावतीत आयुष्य गेलं, पण त्यांच्या तोंडून कधी एक ‘मले’ निघाला नाही, एक ‘तुले’ निघाला नाही. भाजीवालीलाही ते ‘आपल्याकडे कोथिंबीर आहे का’ असं विचारत. ती बिचारी मागे वळून पाहायची, कोणाला विचारून राहिले म्हणून. माझ्या मित्रांनाही ‘आपण’. ड्रमर आमच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा बाबांनी विचारलं, ‘आपण अकोल्याहून केव्हा निघालात?’ या प्रश्नाचं खरं उत्तर त्याने आजवर कोणालाच दिलेलं नाही, तर बाबांना काय देणार. तेव्हापासून तो त्यांना भितो.

लहानपणी मी खेळून घरी आले आणि म्हटलं, ‘बाबा, मी मैदानात खेळून राहिली होती,’ की ते चष्म्यावरून पाहायचे. ‘खेळून राहिली होतीस? मग राहिलीस कुठे? मुक्काम कोणाकडे केलास?’ मी ओशाळून म्हणायची, ‘खेळत होते.’ ‘हं. आता जेव.’ मार कधी दिला नाही, आवाज कधी चढवला नाही. फक्त सुधारलं. रोज, पोळीच्या प्रत्येक घासाला. एकदा मी चिडून विचारलं, सगळं गाव असंच बोलतं, मग आपल्यालाच काय झालं? ते म्हणाले, शुद्ध भाषा म्हणजे इस्त्रीचे कपडे. ते घालून गेलं की तुला कोणी खुर्ची नाकारणार नाही. कोणी खुर्ची नाकारतं हेच मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं.

तर अशा माणसाच्या मुलीने अल्बम काढला आणि नाव ठेवलं ‘येऊन राहिलो’. मी त्यांच्या कानाला इअरफोन लावून दिले. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं, इअरफोन काढले, वायरची नीट गुंडाळी केली आणि म्हणाले, ‘वाद्ये छान आहेत.’ बस्स! वाद्ये छान आहेत! पुढचे कित्येक दिवस घरात अल्बमचा विषय नाही. सकाळी फिरायला जाणाऱ्या त्यांच्या मित्रांपैकी एकाने मला रस्त्यात थांबवून विचारलं, ‘तू काही गाणंबिणं काढलं म्हणे? सर तर काहीच बोलले नाही.’ मला फार लागलं ते. मी घरी जाऊन आईवर भांडी आपटली, तिचा काही दोष नसताना.

मग ती रविवारची पुरवणी आली.

बाबांनी ते अर्धं पान दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा उभं राहून वाचलं. दुसऱ्या दिवशी फिरायला जाताना पेपर बगलेत. तिकडून येताना चेहरा असा फुललेला की आईने विचारलं, पेन्शन वाढली काय? मित्रांनी म्हणे रस्त्यात थांबवून अभिनंदन केलं. जय भीम सर, पोरीनं नाव काढलं! आणि बाबांनी तिथेच, मैदानाच्या कठड्यापाशी, व्याकरण समजावून सांगितलं. ‘येऊन’ हे पूर्वकालवाचक धातुसाधित. ‘राहिलो’ हे मुख्य क्रियापद. म्हणजे तो आधी आला आणि मग राहिला. या दोन क्रियांच्या मध्ये, पहा, एक अख्खं आयुष्य आहे.

हे त्यांनी मलाही जेवताना समजावलं. माझंच गाणं, मलाच! आणि मी ऐकून घेतलं. ‘हो बाबा’ म्हटलं. काय करणार? जन्मात पहिल्यांदा ते माझ्या एका ओळीवर बोटाने टेबल वाजवत होते.

खरं सांगायचं तर मला पुण्याची पर्वा नव्हती, पुरवणीची तर नव्हतीच. मला या एका माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं की तुझं गाणं चांगलं आहे. आणि आता ते म्हणत होते, पण ज्या गाण्याला म्हणत होते ते मी लिहिलंच नव्हतं. ते पुण्याच्या समीक्षकाने लिहिलं होतं. माझं जे होतं, नक्कल, थट्टा, चहा थंडा, माय म्हणे बस जरा, ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. किंवा पोचलं आणि त्यांनी दारातून परत पाठवलं. तिवश्याचा माणूस, त्याला ‘येऊन राहिलो’चा अर्थ समजत नाही, असं कसं होईल?

‘सांगून टाक ना त्याईले,’ ड्रमर म्हणाला.

‘तू सांग. तुह्यावर हाये गाणं.’

‘मी? काकाले? ते मले आपण म्हणतेत बावा. मले भेव वाटते.’

शिवाय त्यालाही आता समीक्षा चढली होती. एका मुलाखतीत त्याने गंभीर चेहऱ्याने सांगितलं की स्थलांतर हा आपल्या आयुष्याचा गाभा आहे. विचारणाऱ्या मुलीचे डोळे पाणावले. कोणतं स्थलांतर, असं तिने विचारलं असतं तर याला सांगावं लागलं असतं, अकोला ते अमरावती, दर रविवारी, तेही जेवून.

पुण्याचा कार्यक्रम झाला. ड्रमर वेळेवर होता, कारण आम्ही त्याला बडनेऱ्याहून आमच्या सोबत गाडीत बसवून नेला होता आणि रात्री मावसभाऊ दाराला आडवा झोपला होता. मी ‘येऊन राहिलो’ सुरू केलं आणि अख्खं सभागृह डोळे मिटून बसलं. ‘चहा थंडा झाला तरी’ला समोरच्या रांगेत एक गृहस्थ रुमालाने चष्मा पुसायला लागले. मला हसू आवरेना, म्हणून मी मान खाली घातली, तर लोकांना वाटलं मी पण भरून आले. कार्यक्रमानंतर हातमागाची साडी नेसलेल्या एक बाई आल्या, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि हळूच विचारलं, ‘तुम्ही कधी आलात? आणि कुठे राहिलात?’

मी म्हटलं, ‘काल आली, आतेबहिणीकडे राहिली. परवाचं रिझर्वेशन आहे.’

आता पुण्याने डोक्यावर घेतलं म्हटल्यावर गाव जागं झालं. गावातल्या एका वाचनालयाच्या मंडळाने आमचा सत्कार आणि कार्यक्रम ठेवला. सभागृह संध्याकाळी स्नेहसंमेलनाला गेलेलं, म्हणून आम्हाला मिळाली सकाळ. रॉक बँड, रविवारी, सकाळी दहाला, मागच्या पडवीत गिला वड्याची, म्हणजे आमच्याकडच्या दहीवड्याची, सोय. आणि प्रास्ताविक करणार कोण, तर गायिकेचे वडील, निवृत्त मराठी शिक्षक. मंडळाला वाटलं, किती छान योग. बाबा आठवडाभर आरशासमोर तयारी करत होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला पेन. मी आईला म्हटलं, थांबव ना त्यांना. आई म्हणाली, ‘तुह्यासाठीच करून राहिले ना ते. गप बस.’

मी पडद्याआडून सभागृह पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. पुढे निवृत्त मास्तर, वकील, त्यांच्या बायका. मागे माझ्या शिकवणीतली पोरं. सगळे गंभीर. माझ्या गल्लीतला किराणावाला, जो दिवसभर ‘देऊन राहिलो, देऊन राहिलो’ करत गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवतो, तोही हाताची घडी घालून डोळे मिटायच्या तयारीत. सगळ्यांनी पुरवणी वाचली होती! आपलेच कान, आपलीच जीभ, अन् अर्थ मात्र पुण्याहून पार्सल. मी मावसभावाला म्हटलं, इथंही कोणी हासलं नाही ना, तर मी गिटार ठेवून गणितच शिकवीन.

आणि ड्रमर आलाच नव्हता. दहा वाजून गेले. मी फोन लावला, उचलला नाही. मावसभावाने लावला, उचलला नाही. बाबांनी माझा चेहरा पाहिला, आपल्या फोनवरून स्वतः लावला. नाही उचलला. मंडळाचे अध्यक्ष घाम पुसायला लागले. तेव्हा बाबा म्हणाले, ‘काळजी नसावी, मी प्रास्ताविक जरा विस्ताराने करतो,’ आणि माइकसमोर जाऊन उभे राहिले.

त्यांनी खरंच विस्ताराने केलं. मराठी क्रियापदांची थोरवी सांगितली. स्थलांतर सांगितलं. लोक माना डोलवत होते. मी पडद्याआड नखं खात होते. मग ते शीर्षकाकडे वळले.

‘“येऊन” हे पूर्वकालवाचक धातुसाधित,’ बाबा म्हणाले. ‘आणि “राहिलो” हे मुख्य क्रियापद. म्हणजे हा मनुष्य आधी आला, आणि नंतर…’

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. बाबांना एका कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो. फोन बंद करायला त्यांनी तो खिशातून काढला, बटण दाबलं, आणि तो बंद व्हायच्या ऐवजी सुरू झाला. समोर माइक. अख्ख्या सभागृहात, दोन्ही भोंग्यांतून, ड्रमरचा आवाज घुमला:

‘काका, येऊन राहिलो ना! बस्स, मूर्तिजापूर सोडलं!’

आणि मागून, तितकाच स्वच्छ, त्याच्या आईचा: ‘अरे, उठला काय तू? चहा ठेवू?’

 मग मागच्या रांगेतलं एक पोट्टं फिसकन हसलं. त्याच्या पुढची रांग हसली. किराणावाल्याने मांडीवर थाप मारली. आणि बाप्पा बाप्पा, ते सभागृह असं फुटलं! वकील हसले, वकिलीणबाई पदर तोंडात कोंबून हसल्या, अध्यक्ष खुर्ची धरून हसले. सगळ्यांना एकदम आपलं गाणं कळलं. ते त्यांना आधीपासून ठाऊकच होतं, फक्त आठवण राहिली नव्हती.

बाबा मात्र फोनकडे पाहत होते. त्यांचं कपाळ तांबडं झालं. आणि मग माझ्या बापाच्या तोंडून, माझ्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, हे निघालं:

‘अबे गध्या! इथं अख्खं गाव बसून राहिलं, अन् तू खाटेवर लोळून राहिला? मले येडा समजून राहिला काय बे? मूर्तिजापूर सोडलं म्हणे! तुह्या मायचा आवाज येऊन राहिला मले मांगून! लाज नाही वाटत तुले? ऊठ! आधी ऊठ, अन् मंग बोल!’

तिकडून बारीक आवाज आला, ‘हो काका,’ आणि फोन बंद झाला.

लोकांनी टाळ्या पिटल्या, शिट्ट्या मारल्या. बाबांनी वर पाहिलं. माइक पाहिला. आपण काय बोललो ते त्यांना तेव्हा कळलं असावं. त्यांनी पेन खिशात नीट केलं, ‘क्षमस्व’ म्हणाले आणि खाली उतरले.

आम्ही ड्रमरशिवायच सुरू केलं. शिकवणीतल्या पोरांनी खुर्च्या बडवून ठेका धरला, बेताल होता, पण जोरात होता. ‘माय म्हणे बस जरा’ला अख्खं सभागृह ओरडलं, ‘बसून राहिलो!’ त्या दिवशी गाण्याला जसं वाजायचं होतं तसं ते वाजलं. पुण्यात मिळालेलं सगळं एका पारड्यात टाकलं तरी मी ही सकाळ देणार नाही. पण मी गाताना पहिल्या रांगेत पाहिलं तर बाबांची खुर्ची रिकामी होती. चारचौघांत इस्त्री उतरली माणसाची, आणि ती माझ्या गाण्यापायी.

कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना शोधत मागे गेले. पडवीत लोक गिला वडे खात होते. बाबा पलीकडे, गाड्या लावतात तिथे, एका ओट्यावर एकटे बसले होते. हातात पत्रावळीचा द्रोण, वडा तसाच, दही सुटलेलं.

‘बाबा, इकडं काहून बसले? सगळे तुम्हालेच शोधून राहिले,’ मी म्हटलं. बोलल्यावर जीभ चावली. त्यांनी सुधारलं नाही.

मी शेजारी बसले. ‘राग आला का तुम्हाला? मी आधीच सांगायला पाहिजे होतं, गाण्याचा खरा अर्थ काय ते.’

‘मले काय समजला नव्हता काय?’ बाबा म्हणाले. ‘तिवश्याकडचा आहो मी. पहिल्याच दिवशी समजला. माय म्हणे बस जरा.’

‘मग ते व्याकरण?’

‘लोकाईले चांगलं वाटत होतं. मलेबी वाटत होतं.’ त्यांनी द्रोण खाली ठेवला. ‘गाणं चांगलं हाये तुहं. लय चांगलं हाये.’

हेच ऐकायचं होतं मला. इतके दिवस हेच. पण ते माझ्याकडे पाहत नव्हते, आणि त्यांचा आवाज असा झाला होता की मला आनंद करता येईना.

‘लोकं हासून राहिले होते,’ ते म्हणाले, ‘पण मले हासू नाही आलं. माही माय आठवली. असंच बोले. अशीच चिडे.’

माझ्या आजीला मी बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ती आमच्याकडेच असायची, मी कॉलेजात जाईपर्यंत होती. वाढायची, डोक्यावरून हात फिरवायची, मानेनेच हो-नाही सांगायची. घरात सगळे म्हणायचे, आजी शांत स्वभावाची. मी बाबांना तेच म्हटलं, आजी तर बोलतच नव्हती ना?

‘माही नवी नवकरी होती,’ बाबा म्हणाले. ‘हेडमास्तर तिकडचे, पुण्याकडचे. एक डाव ते घरी जेवाले येणार होते. मी मायले म्हटलं, माय, तू वाढजो, पण त्याईच्यासमोर बोलजो नको. बरं म्हणे.’

‘मग?’

‘मंग काही नाही. ते जेवून गेले. अन् पाहुणे गेल्यावर, माय, आता बोल, हे सांगाचं माह्याकून राहूनच गेलं.’